व्हरमाँटची पुस्तकं आणि आमची खाचरं

सर, तुमची पुस्तकं परवा जुन्नरला आली, मी सांभाळतो त्या वाचनालयात. तुमचा मुलगा जीपमधून दोन पोती घेऊन आला. म्हणाला, "बाबांची एवढीच इच्छा होती. सगळी एका कपाटात ठेवा आणि वर त्यांचं नाव लिहा." तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि तुमच्यावर रागावण्याची हिंमत मला आत्ता होते आहे. मी रोज देवापुढे बसतो, गेलेल्या माणसाबद्दल मनात काही ठेवू नये हे मला कळतं. तरी पोती सोडताना राग आवरला नाही.

तळेघरच्या शाळेतला शेवटचा तास. खिडक्यांना काचा नाहीत, पावसाळ्यात धुकं सरळ बाकांवर येऊन बसतं. तुम्ही इंग्रजी पुस्तक हातात घेऊन उभे आहात आणि वाचता वाचताच मराठीत सांगता आहात. तुमचा कॉलेजातला मित्र अमेरिकेत व्हरमाँट नावाच्या राज्यात राहायला गेला होता. तिथल्या एका गावच्या वाचनालयाने जुनी म्हणून काढलेली पुस्तकं तो तुम्हाला पोस्टाने पाठवायचा, सगळी त्याच राज्यातल्या लेखकांची. एका टपालवाल्याच्या आठवणी, एका डॉक्टरबाईची रोजनिशी, दोन भाऊ डोंगरावरची शेती वाटून घेतात ती कादंबरी. आम्ही बर्फ पाहिलेला नव्हता, भीमाशंकरचं धुकं गोठवून आम्ही तो मनात तयार केला. तिथे झाडाला भोक पाडून गोड रस काढतात असं तुम्ही सांगितलंत, तेव्हा मागून कुणीतरी विचारलं, "सर, आमच्या हिरड्याला पाडलं तर?" तुम्ही म्हणालात, "आधी तुझ्या डोक्याला पाडू, काय निघतंय बघू." वर्ग हसला, तुम्हीही हसलात. ते तास मला फार आवडायचे, हे मी नाकारत नाही.

त्या कादंबरीतले दोघे भाऊ आपल्या प्रत्येक शेताला नावाने ओळखतात. तिथे तुम्ही पुस्तकात बोट घालून थांबलात. "बघा, ही माणसं जमिनीच्या तुकड्यालासुद्धा नाव देतात. याला म्हणतात प्रेम." मी नववीत होतो. आमच्या भाताच्या खाचरांनाही नावं होती, आणि नदीकाठची ती सगळी खाचरं धरणात जाणार हे तोवर ठरलेलं होतं. मी घरी जाऊन वडिलांना विचारलं. ते मला बांधाबांधाने घेऊन फिरले. 'जावयाचं', कारण पणजोबांच्या जावयाने एका उन्हाळ्यात एकट्याने त्याचा बांध घातला. 'रुसकी', कारण तिच्यात पाणी टिकत नाही, दरवर्षी बांध फोडून निघून जातं. 'दिव्याची पट्टी', तिची पहिली लोंबी भीमाशंकराच्या दिव्यापुढे जायची. अशी एकोणीस नावं, प्रत्येकाची हकिकत. मी निबंधाची अर्धी वही भरली. तुम्ही तो वर्गापुढे वाचलात आणि पानावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लाल रेघ ओढलीत. "हा निबंध नाही, सातबारा आहे. तलाठ्याला नेऊन दे." मग सगळे हसत असताना मला जवळ बोलावून हळूच म्हणालात, "अरे, हे कोण वाचणार?"

परवा मी पुस्तकं उघडली. प्रत्येकाच्या आतल्या बाजूला त्या वाचनालयाचा शिक्का आहे. माझं इंग्रजी बेताचं, पण एवढं लागतं: आमच्या राज्यातले लेखक, वेगळं कपाट. म्हणजे त्या खेड्याने आपल्या माणसांनी आपल्या डोंगराविषयी लिहिलेलं निराळं काढून जपलं होतं. टपालवाल्याचंसुद्धा. टपालवाला काय लिहितो, सर? या घरी कुत्रं अंगावर यायचं, त्या घरी म्हातारी थांबवून गरम काहीतरी प्यायला द्यायची, पुढे ओढा लागायचा. हाही सातबाराच आहे. तुम्ही तो शिक्का पुस्तकामागून पुस्तकात पाहिलात. एकदाही तुमच्या मनात आलं नाही, की आपल्यासमोर बसलेल्या चाळीस पोरांतूनही असं एखादं कपाट निघेल? नोकरीची सगळी वर्षं तुम्ही तळेघरला काढलीत आणि राहिलात मात्र व्हरमाँटमध्ये. तिथल्या ओढ्यांची नावं तुम्हाला पाठ होती. शाळेमागचा ओढा तुमच्यासाठी शेवटपर्यंत नुसता ओढा होता. ती वही मी चुलीत घातली. पुढे धरण भरलं, खाचरं गेली, वडील गेले. एकोणिसातली चार नावं मला आठवतात.

तुमच्या मुलाला मी पुस्तकं लावतो म्हणालो. नावाचं काही बोललो नाही. रविवारी घोडेगावला आईकडे गेलो. ती सुपात तांदूळ निवडत होती. मी वही काढून म्हणालो, "आपल्या खाचरांची नावं सांग."

"आता कशाला रं? पाण्याखाली गेल्याली."

"तू सांग तर."

"तुझ्या बापाला इचारायचं व्हतंस."

"इचारलं व्हतं. इसरलो."

ती निवडता निवडता सांगत गेली. एक नाव मी मध्येच म्हटलं, 'घोडीचं', तर म्हणाली, "घोडीचं न्हाई, कोंडीचं. घोडी कवा व्हती आपल्याकडं? पायीपायी चालायची तुजी आजी." बारा नावं झाल्यावर तिचा हात सुपावर थांबला. "तुज्या सरांना लई आवडलं व्हतं ना ते लिव्हल्यालं."

तुम्ही निबंध वाचलात त्या दिवशी मी शाळेतून आलो तेव्हा ती दारातच उभी होती. "काय म्हणले सर?" मी म्हणालो, सगळ्यांपुढे वाचलं. ते खरंच होतं. आणि म्हणालो, लई आवडलं. दुसऱ्या दिवशी तिने तुमच्यासाठी माझ्यासोबत घरचा नवा तांदूळ पाठवला. तुम्ही पिशवीत नाक घालून वास घेतलात, म्हणालात, "आईला सांग, असा तांदूळ कुठे मिळत नाही." तेही मी सांगितलं. पस्तीसेक वर्षं ती हे बाळगून आहे. आमच्या घराण्यातलं काहीतरी एका शिकलेल्या माणसाने वाचलं आणि त्याला ते आवडलं, हा तिचा एवढाच मान.

हे पत्र मी तुमच्या मुलाला दाखवणार नाही, आणि आईलाही वाचून दाखवता येणार नाही. राग गेलेला नाही, सर. पण रविवारी दुपारी आई ती नावं मला सांगतच नव्हती, तुम्हाला सांगत होती. मी मान खाली घालून लिहीत राहिलो आणि म्हणालो, "हो, लई आवडलं व्हतं. पुढचं सांग."