आधी टाकी

३ नोव्हेंबर
संस्थेचे संचालक येऊन गेले. दोन वर्षांत पहिल्यांदा! सहा देशांनी मिळून ठरवलंय म्हणे – दक्षिण ध्रुवावरच्या बर्फात आपण टाकलेलं सगळं आपणच बाहेर काढायचं. भेगेत कोसळलेली ह्यांची गाडीसुद्धा. मी विचारलं, "आणि हे?"
कपाकडे बघत म्हणाले, "आधी टाकी, वहिनी. डिझेल गळलं तर खालचा सगळा बर्फ नासेल."
वहिनी म्हणे.

४ नोव्हेंबर
डिझेलची काळजी. माणसाची नाही.

७ नोव्हेंबर
ह्या सहा देशांच्या कराराचं पुस्तक पुन्हा काढलं, शब्दकोश मांडीवर घेऊन. चांगलं लिहिलंय, त्याचाच जास्त राग येतो. बर्फात लाखो वर्षांपूर्वीची हवा कोंडलेली असते, ती कुणा एकाची नाही – हे मला ह्यांनीच सांगितलं होतं, भाजी निवडता निवडता. हवा सगळ्यांची. माझा माणूस मात्र कुणाचाच नाही. गाडी एका देशाची, वाट आखली दुसऱ्याने, पगार तिसऱ्याचा – दोन वर्षं नुसती टोलवाटोलवी. बर्फाचे नमुने बरे गुण्यागोविंदाने वाटून घेतात!

१२ नोव्हेंबर
भाऊजी समजूत घालायला आले. सख्ख्या भावासाठी कधी फोन उचलला नाही, आता शहाणपण शिकवतात. म्हणे, "बर्फात आहे तसा राहील तो, वहिनी. इथे आणून काय राहणार आहे?"
म्हटलं, "मग तुम्हीच जा की तिथे राहायला."
जेवायला थांबले नाहीत. मीही आग्रह केला नाही.

१९ नोव्हेंबर
संचालकांना फोन केला. दोर खाली जाणारच आहे तर आधी ह्यांना आणा. लहान मुलीला सांगावं तसं सांगत बसले – हवा थोडेच दिवस बरी असते, यंत्र उसनं आणलंय, टाकी आधी. पेपरात देते म्हटलं. तर म्हणे सहकार्याला गालबोट लागेल. लागू दे. चांगलं तोंडभर लागू दे.

२ डिसेंबर
टाकी वर आली. मग वादळ आलं, सगळे परतले.
हे खालीच.

५ डिसेंबर
संचालक पुन्हा आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.
टाकी फुटलेली होती, पण बर्फावर डिझेल जवळजवळ सांडलंच नव्हतं. भोकात हातमोजा कोंबून वरून तार आवळलेली. हातमोजा ह्यांचा.
म्हणजे पडल्यावर हे जिवंत होते. उघड्या हाताने टाकीचं भोक बुजवत होते.
शोध गाडी पडली त्याच संध्याकाळी थांबवला होता. सहाही देशांनी, एकमताने.