दोन मापं मोठ्या माश्या

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल दुपारी इथे येऊन पोचलो. वर्षभरातली ही चौथी नदी आणि चौथी खोली. खोलीत एक पलंग, एक खुर्ची आणि ओले बूट टांगायला खिडकीत एक तार. बूट टांगले की खिडकी लागत नाही आणि खिडकी लावली की बूट वाळत नाहीत. मी बुटांच्या बाजूनं निकाल दिला आणि दोन स्वेटर घालून झोपलो.

काम तेच. सकाळी गिऱ्हाईक ताब्यात घ्यायचं, त्याला मांडीभर पाण्यात उभं करायचं, दोरी कशी फेकायची ते दाखवायचं, आणि तू गळावर बांधलेली पिसांची माशी खरी समजून ट्राउट वर येईपर्यंत त्याच्याशी गोड बोलत राहायचं. मासा आला की फोटो काढायचा आणि मासा पुन्हा पाण्यात. तीस वर्षांत मी धरवलेला एकही मासा कुणाच्या ताटात गेलेला नाही. शेजारणीला हे सांगितलंस तेव्हा तिनं पोटापाण्यासाठी मी काय करतो असं विचारलं होतं, ते अजून आठवतं.

मागच्या नदीवर एका बाईंनी विचारलं, इतक्या नद्या पाहिल्यात, तर तुमची आवडती कोणती. मी नेहमीप्रमाणे म्हणालो, हीच. खरं सांगायचं तर सध्या माझी आवडती जागा म्हणजे बसमधलं मागचं बाक, तिथे बूट काढून पाय पसरता येतात. आवडतं गिऱ्हाईक म्हणजे ते दाताचे डॉक्टर. दरवर्षी मी जिथे असेन तिथे येतात आणि निम्मा दिवस काठावर तोंडावर टोपी घेऊन झोपतात. थकलोय ग, ताई. पाण्याचा कंटाळा येईल असं कधी वाटलं नव्हतं.

आता कामाचं. इथल्या मालकाला मी तीन वर्षांसाठी हवा आहे. मेअखेरपर्यंत सही करून द्यायची. नाही म्हणालो तर पुन्हा कुठून बोलावणं येईलसं वाटत नाही, कारण पन्नाशी उलटलेल्या गाइडला लोक चहा पाजतात, काम देत नाहीत. काय करू ते सुचत नाही.

आणि या खेपेच्या माश्या दोन मापं मोठ्या कर. पाठीवर पांढऱ्या पिसाचा झुबका लाव. हल्ली गिऱ्हाइकं वयस्कर असतात, त्यांना पाण्यावर बारीक माशी दिसत नाही.

भाचीला म्हणावं, औषधांच्या दुकानात उभी असतेस तर मामाच्या गुडघ्यांसाठी काहीतरी पाठव. ताई, रागावत राहा, पण आठवण ठेव.

तुझा,
भटक्या


१९ मार्च

चि. भटक्यास,
अनेक आशीर्वाद.

पार्सलमध्ये चाळीस माश्या आहेत. बावीस वर्षं तू माझ्या मागे लागलास की अजून बारीक, अजून बारीक. एकदा तर तांदळाच्या दाण्याएवढी मागितली होतीस. आणि आता एकदम मोठ्या, वर झुबका. नव्या नवरीला नटवावं तशा झाल्यात. पण तुझी गिऱ्हाइकं, तुझे मासे. मी आपली सांगितलेलं काम करणारी.

घरात सगळं ठीक. तुझी भाची दुकानातून आली की पाय टेबलावर ठेवून बसते, अगदी मामावर गेली आहे. गुडघ्याचं मलम तिनं ठेवलंय. दिवसातून दोनदा लाव, नुसतं पिशवीत घेऊन फिरू नकोस.

तीन वर्षांचं तू मला विचारलेलं नाहीस, नुसतं कळवलंस. तरी सांगते. वरची खोली मी रिकामी केली आहे. शिवणाचं मशीन खाली आणलं, कपाटातले दोन कप्पे मोकळे केले. तुझ्या भाचीचे बाबा गेले तेव्हा तू महिनाभर राहिलास, टेबलाला गळ धरायचा चाप लावून मला माश्या बांधायला शिकवलंस, आणि हात कामात राहिले म्हणून मी त्यातून बाहेर आले. तेव्हा तू म्हणाला होतास की दोन-चार वर्षांत परत येतो. मी मोजत बसले नाही, पण विसरलेही नाही. घरी ये. हे मी एकदाच सांगणार आहे.

सकाळी पाण्यात उतरण्याआधी पोटात काहीतरी गरम घालत जा. आणि घरी ये.

जीव लावून आहे, तू मात्र जीव जपून राहा.

ताई


११ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं, मलमही मिळालं. पत्राला उशीर झाला, कारण काय लिहावं ते कळत नव्हतं.

मंगळवारी दाताचे डॉक्टर आले होते. या वेळी झोपले नाहीत. दुपारी त्यांच्या दोरीला मोठी ट्राउट लागली, हातभर लांब. इतक्या वर्षांत त्यांना असा मासा मिळाला नव्हता. मी जाळीत घेतली आणि गळ सोडवायला गेलो तर निघेना. गळाचा उलटा काटा तसाच होता. तुला सांगायला नको, आपण प्रत्येक गळाचा तो काटा पकडीनं दाबून सपाट करतो, म्हणजे गळ अलगद सुटतो आणि मासा जगतो. हा दाबलेला नव्हता. मी ओढत राहिलो, कल्ल्यातून रक्त यायला लागलं, आणि ती माझ्या हातात मेली. डॉक्टरांनी टोपी काढून हातात धरली होती.

खोलीवर येऊन सगळ्या माश्या कापसातून ओढून पाहिल्या. काटा असला की कापूस अडकतो. चाळीसपैकी अकरा अडकल्या. बावीस वर्षांत तुझी एक नाही अडकली, म्हणून मी तपासणं कधीच सोडून दिलं होतं. ताई, लक्ष कुठे होतं तुझं? एवढी एक गोष्ट तरी सांभाळायची होती. मला फार लागलं ते.

मालकाला अजून उत्तर दिलेलं नाही. बहुतेक सही करीन. घरी येऊन मी करणार काय, तेच दिसत नाही.

रागात लिहिलंय, तरी तुझाच,
भटक्या


२० एप्रिल

ती. मामास,
सा. न.

हे पत्र आईला न सांगता लिहिते आहे, तेव्हा उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठव.

तुझं पत्र वाचून आईनं दोन दिवस माश्यांच्या टेबलाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी तिनं टेबलावरचा चाप सोडवला, कपड्यात गुंडाळला आणि माळ्यावर टाकायला मला दिला. मी टाकलेला नाही, माझ्या पलंगाखाली आहे.

मामा, गेल्या वर्षी दिवाणखान्याला रंग दिला तेव्हापासून तिचा उजवा हात थरथरतो. चहाचा कप ती दोन्ही हातांनी धरते. इथले डॉक्टर म्हणतात की जिवाला धोका नाही, पण हात पूर्वीसारखा होणार नाही. बारीक माशी बांधायला तिला अख्खी सकाळ लागायची, अर्ध्या फेकून द्याव्या लागायच्या. पकड तर हातात ठरतच नाही. तुझं मोठ्या माश्यांचं पत्र आलं तेव्हा ती इतकी हसली की मी स्वयंपाकघरातून धावत आले. म्हणाली, सुटले, अजून दोन वर्षं सहज निघतील. मोठ्या माश्या तिला जमत होत्या रे. काटे सगळे दाबले असंच तिला वाटलं होतं.

मी तिला म्हटलं, मामाला सांगून टाक. तर म्हणाली, मग तो दुकानातून विकत घेईल आणि मला पत्र कशाला लिहील. तुला घरी बोलावतेही आणि आलास की हात दिसेल म्हणून घाबरतेही. मला तिचा राग येतो आणि रडूही येतं.

तुला बोलायचा मला अधिकार नाही, पण ते ‘लक्ष कुठे होतं’ वाचून तिला काय झालं ते मी पाहिलं आहे. सही करायची तर कर, फक्त आधी तिला एक चांगलं पत्र लिही. मी कळवलं हे मात्र सांगू नकोस.

तुझी भांडखोर,
भाची


२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मागच्या पत्राची मला लाज वाटते. ते फाडून टाक.

मला कुणी काही कळवलेलं नाही. माझं मीच ठरवलं की तुला खरं सांगायचं. ताई, म्हातारी गिऱ्हाइकं हे निमित्त होतं. बारीक माशी मलाच दिसत नाही. दोन वर्षं झाली. पाण्यावर माशी कुठे आहे हे मी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून ओळखतो. त्यानं डोळे मोठे केले की मी ओरडतो, काठी उचला. लोक म्हणतात, काय नजर आहे तुमची. मी मान हलवतो.

त्या दिवशी दोरीला माशी बांधताना मी ती डोळ्यांसमोर धरली होती. नेहमी धरतो. काटा नाकाच्या टोकावर होता आणि मला दिसला नाही. म्हणजे तो मासा तू मारला नाहीस. मी मारला, आणि दोष तुझ्या माथी मारून मोकळा झालो. धाकटा असण्याचा तेवढा एक फायदा मी लहानपणापासून घेत आलोय.

दाताचे डॉक्टर परत आले होते, त्यांना सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले की त्यांचाही हात आताशा दातांत नीट चालत नाही, म्हणून तर ते काठावर झोपायला येतात. आम्ही दोघं बराच वेळ बसलो. दोरी पाण्यात टाकलीच नाही.

काल मालकाला नाही सांगितलं. त्याला वाईट वाटलं, पण मला वाटलं होतं तेवढं नाही. महिनाअखेर हिशेबाचा दिवस झाला की मी मोकळा. वरची खोली अजून रिकामी असेल तर येतो. येऊन काय करणार ते अजूनही दिसत नाही, पण हल्ली दिसत तर काहीच नाही.

मला भीती वाटते, ताई. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या नद्यांवर राहिलो. एका जागी सकाळ कशी काढतात ते मला माहीत नाही. सांभाळून घे.

तुझा,
भटक्या


१३ मे

चि. भटक्यास,
अनेक आशीर्वाद.

अक्षर तुझ्या भाचीचं आहे, बोलणं माझं. माझा हात आता लिहिण्याच्या लायकीचा राहिलेला नाही. हे तुला नवीन नाही. तिनं तुला कळवलं हे मी तुझ्या पत्राच्या दुसऱ्या ओळीत ओळखलं. तू आपण होऊन कधी चूक कबूल केली आहेस? आता ती लिहिता लिहिता लाल झाली आहे, होऊ दे.

त्या माशाचं पाप वाटून घेऊ. निम्मं तुझं, निम्मं माझं. तू दोन वर्षं लपवलंस, मी एक. दोघांनी आधीच तोंड उघडलं असतं तर तो बिचारा अजून पोहत असता. मला हसू येतं आणि मग वाईट वाटतं, दिवसभर तेच चाललंय.

माश्या मी आता बांधणार नाही. बावीस वर्षं बांधल्या, पुष्कळ झाल्या. तू दया म्हणून येत असशील तर येऊ नकोस. पण तुला थकवा आला म्हणून येत असशील तर लवकर ये, कारण मीही थकले आहे आणि घरात आणखी एक थकलेलं माणूस असलं तर मला बरं वाटेल. सकाळ कशी काढतात ते शिकवते. अवघड नाही, उठायचं आणि बसून राहायचं.

कपाटाचे दोन कप्पे पुरतील ना, ते कळव. तुझी भाची म्हणते एक पुरेल, मामाकडे आहे काय.

बस कधीची ते आधी लिही. मी स्टँडवर येईन. उतरल्यावर गर्दीत मला शोधत फिरू नकोस, तुला मी दिसणार नाही. उतरशील तिथेच उभा राहा. मी हाक मारीन. आवाजाला अजून काही झालेलं नाही.

वाट बघते आहे.

ताई