आईची कॉफी

५ मे
यादीत नाव लागलं! मकास्सरचं नर्सिंग कॉलेज! आधी आईच्या खोलीत धावले, तिच्या कानाशी ओरडलेच. बाबा म्हणाले, "हळू गं दामारी, बरं नाहीये तिला."
सात महिने बरं नाहीये. म्हणजे श्वास थांबून सात महिने झाले. पण रेडा कापून निरोप दिल्याशिवाय आमच्या तोराजात माणूस मरत नसतं, आजारी असतं, औषध टोचून घरातच झोपवलेलं. बाबा रोज सकाळी तीन कप कॉफी ओततात, त्यातला एक तिच्या उशाशी नेतात.

६ मे
फी कुठून आणायची? गोठ्यात एकच रेडा, आईच्या निरोपाचा; बाकी खर्च जमेपर्यंत राखलेला. मामाने बजावलंय, "तो माझ्या बहिणीचा. हात लावायचा नाही." बरोबरच आहे. मीही लावू देणार नाही.

९ मे
आई किंवा वडील नसलेल्यांची सगळी फी जकार्ताची एक संस्था भरते. फॉर्म भरला. 'आई हयात आहे का?' — 'नाही'वर खूण केली. बाबांना सांगितलं नाही.

२१ मे
वाटोळं झालं! संस्थेचा फोन आला तेव्हा मी बाजारात. बाबांनी घेतला. घरी येते तर खूश! "काय प्रेमळ बाई गं! तुझ्या आईची चौकशी केली. म्हटलं, घरीच आहे, जरा बरं नाही, आत्ताच कॉफी दिली."
काय बोलू त्यांना?

२३ मे
'खोटी माहिती. अर्ज रद्द.' सोमवारपर्यंत मृत्यूचा दाखला दिला तरच फेरविचार. बाबांना सगळं सांगावं लागलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. "तू लिहिलंस? तुझ्या हातानं?" एवढंच म्हणाले आणि आईपाशी जाऊन बसले. मला माझीच किळस आली.

२४ मे
मामा म्हणाला, "कागदच आहे दाजी, ठोका सही. ताईला कुठं वाचता येतंय!"
बाबा भडकले. "सहीचं काय घेऊन बसलास? तोंडानं सांगावं लागतं तिथं! ती मेली म्हणून!"
मी म्हटलं, नको मला कॉलेज. खोटं बोलले. हवंय. फार हवंय.

२६ मे
बाबा चर्चचा शर्ट घालून एकटेच कचेरीत गेले. दुपारी दाखला माझ्यापुढे ठेवला. "पाठव." जेवले नाहीत.

२७ मे
सकाळीच निरोप — फी मंजूर! ओरडत आईच्या खोलीकडे धावले. वाटेत चुलीपाशी बाबा कॉफी ओतत होते. दोनच कप.
आई आज गेली.