पानच तर आहे

प्रिय छकुले,

त्या सकाळी मी नळाखाली पांढऱ्या कोटाची बाही धरून उभी होते. हॉटेलातल्या वाढप्यांचे कोट शिवायला आले होते, दुपारी न्यायला माणूस येणार होता, आणि तुझ्या भावोजींनी बाही जोडताना पुन्हा बोट टोचून घेतलं होतं. त्याआधी मी इस्त्रीत पाणी भरलं होतं, मशीनच्या बॉबिनी दोऱ्याने भरून ठेवल्या होत्या, टेबलाखालच्या चिंध्या झाडून काढल्या होत्या, चहा टाकला होता. रोजचंच सगळं. शिंप्याच्या घरात रक्ताचा ठिपका म्हणजे काही मोठी गोष्ट नव्हे. ज्याचं बोट त्यानेच लगेच थुंकी लावायची, मग गार पाण्याखाली धरायचं, चोळायचं नाही, नुसतं दाबायचं. ते आतून विचारत होते, निघाला का? मी म्हटलं, निघाला. म्हणाले, मग झालं तर. आम्ही दोघांनीही कापडाकडे पाहिलं, बोटाकडे नाही. चहा संपला तरी ते बोट गळतच होतं, आणि ते त्याला चिंधी गुंडाळून पुढची बाही लावत बसले होते.

हे आज आठवायचं कारण म्हणजे तुझा परवाचा फोन. गुडघ्याचं ऑपरेशन ऐनवेळी पुढे ढकललं म्हणून तू इतकी तापली होतीस की मला धड "कशी आहेस" एवढंही विचारू दिलं नाहीस. कोणीतरी डॉक्टरांचे कान भरले, चोंबडेपणा केला, सापडू दे एकदा, तंगडं मोडून ठेवते, असं म्हणालीस. स्वतः भिंत धरून चालणारी बाई दुसऱ्याचं तंगडं मोडायला निघाली, याचं मला आधी हसू आलं. मग राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही. फोनवर तू बोलू देत नाहीस. भावोजींचं नाव निघालं की तुझ्या गॅसवर दूध उतू जायला लागतं. म्हणून लिहिते आहे. रागाने फेकून दिलंस तरी पत्र उचलून पुन्हा वाचता येतं.

तुला ठाऊक आहे, ते मापं कधी लिहून ठेवत नसत. टेप लावायची, एकदा माणसाकडे नीट बघायचं, की माप डोक्यात. त्याचा त्यांना केवढा तोरा. आणि मग एकदा आमच्या जुन्या गिऱ्हाइकाची, बँकवाल्यांची पँट त्यांनी दुसऱ्याच कोणाच्या मापाने कापली. बँकवाले हसले, म्हणाले, मास्तर, मी काय पुन्हा दहावीत गेलो की काय, हिच्यात माझा एक पाय तरी जाईल का? तुझे भावोजीही हसले. घरी आल्यावर मात्र जेवले नाहीत. नंतर टेप हातात घेऊन माझंच माप घेत बसायचे, आणि घेऊन झालं की न बघता म्हणून दाखवायचे, विचारायचे, बरोबर सांगतोय ना?

तेव्हा तू ती डबी घेऊन आलीस. हिरवी, वर पंख्यासारखं पान. आत गिंको नावाच्या झाडाच्या पानांच्या कॅप्सूल. तू म्हणालीस, भावोजी, हे झाड माणसाच्याही आधीचं आहे, याच्या पानाने मेंदूत रक्त कसं सळसळतं बघा, मी स्वतः घेते, मला शाळेतल्या सगळ्या बाईंची नावं आठवायला लागली. ते म्हणाले, तुला बाईंची नावं आठवून करायचंय काय, त्यांनी तुला आठवू नये म्हणजे मिळवली. आपण तिघंही हसलो. तू प्रेमाने आणलंस, हे मी कधी नाकारलेलं नाही. छातीचे ठोके अनियमित पडतात म्हणून त्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू होती, हेही तेव्हा आपल्या तिघांना माहीत होतं. त्या गोळीच्या डॉक्टरांनी दर खेपेला विचारलं, आणखी काही घेता का? ते दर खेपेला नाही म्हणाले. खोटं बोलत नव्हते ते. पान कोणी औषधात धरतं का? पांढऱ्या कोटांची ती सकाळ त्याच दिवसांतली.

मग ते इस्त्रीच्या टेबलाखाली पडलेली अंगठी शोधायला वाकले, तीच, सुई टोचू नये म्हणून शिवताना बोटात घालायची पितळी. उठताना डोकं टेबलाच्या कडेला लागलं. टेंगूळसुद्धा धड आलं नाही. दोन दिवस डोकं दुखतंय म्हणाले, तिसऱ्या दिवशी बोलणं अडखळायला लागलं. हॉस्पिटलात मी त्यांची सगळी औषधं कापडी पिशवीतून नेली होती, ती टेबलावर उपडी केली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बाकीच्या गोळ्या बाजूला सारल्या आणि हिरवी डबी उचलली. हे कधीपासून, असं विचारलं. आवाज चढवला नाही त्यांनी. सगळं संपल्यावर मी त्यांना गाठून विचारलं, यानेच का त्यांच्या डोक्यात रक्त साचलं? त्या म्हणाल्या, यानेच असं मला छातीठोकपणे सांगता येणार नाही, नुसत्या त्या गोळीनेही असं होऊ शकतं, पण ही दोन एकत्र घ्यायला नको होती. मीही तेवढंच म्हणते, त्याहून एक शब्द जास्त नाही.

तू काय म्हणालीस ते आठवतं? घर माणसांनी भरलेलं होतं, आणि तू म्हणालीस, ताई, वेड्यासारखं बोलू नकोस, पानच तर आहे, पानाने कोणी जातं का. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी नंतर वाचायला लागले. वाचनालयातल्या बाईंनी मिळेल ते काढून दिलं, कळलं नाही ते पुन्हा वाचलं. बरं असेल ते बरंच म्हणायला हवं. या पानाच्या अर्काचा खरोखर अभ्यास झालेला आहे. ज्यांची स्मृती आजाराने आधीच जायला लागली आहे, त्यांच्यातल्या काहींना थोडा फायदा होत असेल, असं काहीजण म्हणतात. धडधाकट म्हाताऱ्यांनी मात्र वर्षानुवर्षं घेऊन पाहिलं आणि त्यांचा विसराळूपणा काही टळला नाही. बऱ्याच जणांना त्याचा त्रासही होत नाही, फार तर पोट बिघडतं, डोकं दुखतं. पण रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, फिट येत असतील, ऑपरेशन ठरलं असेल, तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय हातही लावू नये. त्याच झाडाचं बी कच्चं खाल्लं तर विषारी असतं. तेही झाडाचंच आहे की नाही?

मला संताप कशाचा येतो सांगू? विकताना ते औषध असतं. मेंदूवर, रक्तावर, गुडघ्यावर, मागाल त्यावर चालतं. आणि कोणी जाब विचारला की लगेच ते पान होतं. हे विकणाऱ्या तुझ्या दुकानदाराकडे मी रिकाम्या हाताने गेले नव्हते, डबी घेऊन गेले होते. तो म्हणाला, आजी, नैसर्गिक आहे. मी म्हटलं, बाळा, साप पण. रक्तात काही सळसळतं म्हणून तुम्ही घ्यायला सांगता ना, मग सळसळत असेल तर ते गोळीशी भांडणार नाही कशावरून? धाग्याएवढ्या बारीक अक्षरात मागे लिहिलं होतं, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मी सुईत दोरा ओवणारी बाई, मलाही ते भिंगाशिवाय वाचता आलं नाही.

दुकान मी चालू ठेवलं आहे. काज, बटण, तुरपाई, चेन बदलून देणं. जुनी गिऱ्हाइकं येतात, सवयीने म्हणतात, माप आहेच तुमच्याकडे. मग त्यांचं त्यांनाच आठवतं आणि चपलांकडे बघत उभे राहतात. सगळ्या गल्लीची मापं ते बरोबर घेऊन गेले. मी टेप लावते, लिहून घेते. माझं माप तेवढं त्यांनी शेवटपर्यंत बरोबर सांगितलं.

आता तुझ्या परवाच्या फोनचं नव्हे, त्याच्या आधीच्या फोनचं. ऑपरेशनची तारीख ठरल्याचं सांगायला तू केला होतास तो. हॉस्पिटलात बसवून सगळं विचारलं म्हणालीस, कुठल्या गोळ्या घेता, काय घेता, आणि तू ऐटीत सांगितलंस की सकाळच्या चहाशिवाय मी काही घेत नाही. मी विचारलं, आणि हिरवी डबी? तू हसलीस. म्हणालीस, ताई, पानच तर आहे, आणि तुझं दूध उतू गेलं. आई गेल्यावर तुझी वेणी मी घातली आहे, छकुले. तू माझ्यावर वर्षभर रुसलीस तर मला चालेल. पण गुडघा उघडून ठेवलेला असताना तुझं रक्त थांबत नाही आणि मी बाहेर बाकावर बसून आहे, हे मला चालणार नाही. मी एकदा बसले आहे त्या बाकावर. तेव्हा आता ज्याला शोधते आहेस, त्याला शोधू नकोस. त्या आधीच्या फोनच्या दुसऱ्याच दिवशी मी दुकान बंद ठेवलं, बसने तुझ्या हॉस्पिटलात गेले आणि तुझ्या डॉक्टरांच्या टेबलावर भावोजींची अर्धी राहिलेली डबी ठेवून त्यांना सांगितलं, माझी बहीण हेच घेते.

तुझीच, तंगडं मोडून घ्यायला तयार असलेली,
ताई