बाबांच्या फ्रीजमधली अंडी

बाबा, कवचाला पहिलं भोक पाडून पिल्लू थांबतं, तेव्हा ते दमून विसावलंय की आत अडकलंय, हे तुम्हाला बाहेरून कसं कळायचं? मला अजून कळत नाही. नऊ वर्षं तुमचा फ्रीज मी चालवते आहे, दर खेपेला विसाव्या दिवशी काचेला नाक लावून बसते, आणि दर खेपेला माझा नुसता अंदाज असतो. हे तुम्हाला विचारायचं राहून गेलं. तेव्हा वाटायचं, तुम्ही आहात तोवर मला कळायची गरज काय. आज विचारते आहे, कारण कंपनीने मला तिसऱ्यांदा बंगळुरूला जायचं विचारलं आहे, दोन वर्षांसाठी, आणि याआधी दोन्ही वेळा मी या फ्रीजमुळे नाही म्हटलं आहे. निदान मी स्वतःला तसं सांगत आले.

आपल्या घरात थंड करणारा फ्रीज कधीच नव्हता. जुन्या बाजारातून तुम्ही बंद पडलेला फ्रीज हातगाडीवर घालून विश्रांतवाडीपर्यंत आणलात, तेव्हा अख्ख्या गल्लीने पाहिलं. संध्याकाळी शेजारच्या काकू वाटी घेऊन दारात हजर. "अहो, जरा बर्फ देता का? पाहुणे आलेत." आई चुलीपुढून न उठता म्हणाली, "बर्फ नाही. तीन आठवडे थांबा, पिल्लं देते." काकूंना वाटलं आईला शिष्टपणा आला. तुम्ही मात्र आठ दिवस त्या फ्रीजच्या पोटात होतात. दाराला चौकोनी काच बसवली, आत दोन बल्ब, भंगारातल्या कॉम्प्युटरचा छोटा पंखा, खाली पाण्याचा ट्रे. शहराबाहेरच्या उबवणी केंद्रात तुम्ही पंधरा वर्षं मशीनवर होतात. मग परदेशी मशीन आलं, त्याला बटणं होती आणि ती दाबायला पदवीवाली मुलं होती. तुम्हाला आधी ट्रे धुवायला बसवलं आणि मग तेही काम नाही म्हणाले. मला राग आला होता. तुम्ही म्हणालात, "मशीन चांगलं आहे. माझ्यापेक्षा कमी चुकतं. आपल्याला त्याच्याशी भांडायचं नाही, तुला त्याच्या पलीकडे बसवायचंय." मग माझ्या वहीच्या पहिल्या पानावर बल्बचा नकाशा काढलात आणि मी गणिताची वही वाया गेली म्हणून रडले.

साडेनव्व्याण्णव आणि पंच्याऐंशी. पाढ्यांच्या आधी मला हे दोन आकडे पाठ होते. कोरड्या थर्मामीटरवर साडेनव्व्याण्णव फॅरनहाइट, ओल्यावर, म्हणजे दमटपणा दाखवणाऱ्यावर, पंच्याऐंशी. शेवटच्या तीन दिवसांत ओला नव्वदला न्यायचा आणि दार उघडायचं नाही, घराला आग लागली तरी. ओल्या थर्मामीटरच्या बुडाला सुती वात लागते, तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत. तशी वात कुठे मिळेना म्हणून तुम्ही माझ्या शाळेच्या कॅनव्हासच्या बुटाची नाडी ओढून काढलीत. पोकळ असते, बरोबर बसते. मी महिनाभर एका बुटाला सुतळी बांधून शाळेत गेले. पीटीच्या बाईंनी विचारलं तर म्हणाले, "नाडी कामाला लागली आहे." वर्ग हसला. मला त्या वेळी त्यात काही हसण्यासारखं वाटलं नव्हतं.

दहावीच्या सुट्टीत तुम्ही एक अख्खी बॅच माझ्या हवाली केलीत. चाळीस गावरान अंडी, धानोरीच्या एका मावशींची. पेन्सिलीने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल. दिवसातून तीनदा फिरवायची, कारण तीनदा फिरवली तर अंडं रोज रात्री वेगळ्या कुशीवर झोपतं. मी सगळं तक्त्यात लिहीत होते. सातव्या दिवसापासून ओला थर्मामीटर चढायला लागला. सत्त्याऐंशी, नव्वद, मग ब्याण्णव. मला वाटलं आत दमटपणा फार झाला, पिल्लं पाण्याने फुगतील. मी ट्रे काढून घेतला. तरी आकडा उतरेना, म्हणून हवेचं भोकही मोठं केलं. तुम्ही रोज नुसतं विचारत होतात, मी सगळं ठीक आहे म्हणत होते आणि तुम्ही माझ्या हिशोबावर विसंबून होतात. एकविसाव्या दिवशी अकरा अंड्यांना भोकं पडली आणि सगळी तिथेच थांबली. आतून चोच दिसत होती, आवाज येत होता. मला ते ऐकवेना. मी दार उघडलं आणि नखाने कवचं सोलायला घेतली. आतला पापुद्रा कागदासारखा वाळून पिल्लांच्या अंगाला चिकटला होता. दोन जगली.

तुम्ही ओरडला नाहीत. ओला थर्मामीटर बाहेर काढलात आणि नाडी माझ्या हातात दिलीत. ती कडक झाली होती, काडीसारखी. आपल्याकडे तेव्हा बोअरचं पाणी यायचं, त्याचा क्षार नाडीत बसला होता आणि पाणी वर चढतच नव्हतं. ओला थर्मामीटर केव्हाच कोरडा झाला होता आणि मी कोरड्या थर्मामीटरच्या आकड्याला दमटपणा समजून उरलेलं पाणीही काढून घेतलं होतं. "आकडा वाचलास," तुम्ही म्हणालात. "तो कुठून येतोय ते पाहिलं नाहीस." मग, माझ्याकडे न बघता, दुसरं बोललात. "आणि दार कोणासाठी उघडलंस? त्यांना बरं वाटावं म्हणून, का तुला?" त्या दिवशी मी जेवले नाही. मावशींना तुम्ही स्वतः जाऊन सांगितलंत, चूक माझी म्हणून. माझी म्हणजे तुमची. त्या पुढच्या खेपेला पुन्हा अंडी घेऊन आल्या. "पेटीला यश हाय तुमच्या," म्हणाल्या, "एकदा झालं, व्हायचंच."

तुम्ही गेलात तेव्हा फ्रीजमधल्या बॅचचा चौदावा दिवस होता. बाहेरच्या खोलीत माणसं बसली होती, विहारातले लोक आले होते, कोणीतरी वंदना म्हणत होतं. मी आतल्या खोलीत फ्रीजचं दार उघडून अंडी फिरवते आहे. फुलीवरून गोलावर. दारात आई उभी आहे. मी विचारते, "आई, आता हे कोण बघणार?" आई म्हणते, "मला त्यातलं काही कळत नाही गं. तूच बघ." एवढंच. त्या वाक्याने मी बांधली गेले.

कोणी जबरदस्ती केली असं मी म्हणणार नाही. मी स्वतःच मोठे मोठे शब्द शोधले. हे बाबांचं काम आहे, गावाकडच्या बायकांना याचा आधार आहे, शिकलेल्या मुलीने हे सोडून पळायचं नाही. घरातली पहिली पदवीधर मी, मला ते शब्द शोभतही होते. पण दिवस असे जात होते: सकाळी साडेपाचला अंडी, सातला कंपनीची बस, रात्री आठला अंडी, अकराला अंडी. एक बॅच निघाली की दुसरी दारात. लोहगावच्या, धानोरीच्या बायका लुगड्याच्या घडीत अंडी घेऊन यायच्या आणि आई नाही म्हणायची नाही. माझ्याकडे बघायचीही नाही, सरळ टोपली आत घ्यायची. कॉलेजची सहल गेली, मैत्रिणीचं लग्न नाशिकला होतं ते गेलं. एकवीस दिवस संपले की एक दिवस फ्रीज पुसायचा, आणि पुन्हा पहिला दिवस. कधी कधी त्या पुसायच्या दिवशी मी रिकाम्या फ्रीजसमोर बसून राहायचे. एक दिवस मोकळा मिळाला तर करायचं काय, हे मला सुचायचं नाही.

आणि नोकरी कसली लागली ऐका. कंपनीच्या ज्या खोलीत कॉम्प्युटरची मोठी मशीनं असतात तिची देखरेख. भिंतीवर दोन आकडे असतात, तापमान आणि आर्द्रता, आणि मी दिवसभर ते पाहते. तुम्ही असता तर पोट धरून हसला असता. माझे साहेब कोथरूडचे. पहिल्यांदा मी बंगळुरूला नाही म्हटलं तेव्हा त्यांनी मान डोलावून यादीतलं पुढचं नाव घेतलं. दुसऱ्यांदा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"अडचण काय आहे, ऐकू तरी."

"घरची आहे, सर."

"म्हणजे?"

अंडी, असं मला सांगता येईना. "आईला बरं नसतं."

"मागच्या वेळीही आईच होत्या. त्यांना म्हणावं, बढतीच्या महिन्यात जरा तब्येत सांभाळत जा. बंगळुरूलाही माणसंच राहतात."

मागच्या महिन्यात आमच्या त्या खोलीतला एसी बंद पडला. पर्यायी एसीही चालेना. कोणाला घरी जाता येईना, मी त्या दिवशी गेलेली दुसऱ्या दिवशी दुपारी परतले. काकूंकडे फोन करून आईला निरोप दिला होता, पण अंड्यांचं काही बोलले नाही. बोलून काय उपयोग? दर गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हा फ्रीजवर गोधडी टाकण्यापलीकडे आईने नऊ वर्षांत त्याला हात लावलेला मी पाहिला नव्हता. बारावा दिवस होता. बसमध्ये मी मनाशी हिशोब करत होते, किती गेली असतील, कोणाच्या दारात जाऊन काय सांगायचं.

घरात शिरले ती थेट फ्रीजपाशी. जाताना गोल वर ठेवून गेले होते. तीन वेळा फिरवली असली तर आता फुली वर हवी. सगळ्या अंड्यांवर फुली वर होती. ट्रे भरलेला. नाडी नवी, पांढरी. आकडे साडेनव्व्याण्णव, पंच्याऐंशी. आई भाकरी थापत होती.

"कोण आलं होतं?" मी विचारलं.

"कोण येणार?"

"मग अंडी कोणी फिरवली?"

"मी."

"तुला ते बारीक आकडे कुठे दिसतात?"

"आकडे कशाला हवेत? ठिपके आहेत की."

दोन्ही थर्मामीटरवर नेलपॉलिशचे लाल ठिपके आहेत. मी नऊ वर्षं रोज ते पाहत होते. मला वाटायचं, खूण तुम्ही स्वतःसाठी केली असेल.

"तुझ्या बाबांनी लावून दिले," आई म्हणाली. "तू शाळेच्या ट्रिपला होतीस आणि ते गावी मयतीला अडकले होते. चार दिवस मीच केलं सगळं. पारा ठिपक्याला टेकला की झालं."

"मग मला नऊ वर्षं... तू म्हणालीस तुला कळत नाही."

आईने भाकरी उलटली. "ते गेले त्या दिवशी खरंच काही कळत नव्हतं. नंतर कळायला लागलं. तोवर तू कॉलेजातून धावत घरी यायला लागली होतीस. रात्री ताटावर समोर असायचीस. मी कशाला सांगू?"

"आई!"

"ओरडू नकोस. तू तरी कधी विचारलंस? एकदा? तुलाही ते बरंच पडत होतं की."

मी चार दिवस तिच्याशी बोलले नाही. तुमच्यावरही चिडले होते, बाबा. तुम्ही तिला शिकवलंत आणि मला सांगितलं नाहीत. पण राग तिच्या पहिल्या वाक्यांचा नव्हता, शेवटच्याचा होता. मी बंगळुरूला एकटी उतरेन, मला तिथली भाषा येत नाही, जेवणाच्या टेबलावर सगळे इंग्रजीतून विनोद करतील आणि मी अर्ध्या सेकंदाने उशिरा हसेन, याची मला किती भीती वाटत होती, हे तिला ठाऊक होतं. सहलीलाही मी अंड्यांमुळे गेले नाही असं सांगते, पण त्या वर्षी पुसायचा दिवस नेमका सहलीच्या दिवशी आला होता. मी तेव्हाही घरीच बसले. फ्रीज रिकामा होता, बाबा.

पाचव्या दिवशी सकाळी मी उठले तर आई आधीच फिरवत होती. मी बाजूला उभी राहिले. ती फार सावकाश करते, एकेक अंडं तळहातावर तोलून. बारा मिनिटं दार उघडं. तुम्ही असता तर रागावला असता. मी चहाचं आधण ठेवायला गेले.

हे पत्र मी तुमच्या अंड्यांच्या हिशोबाच्या वहीत ठेवणार नाही, कारण ती वही आता आई वापरते आणि तिला माझं अक्षर बरोबर लागतं. तिला मी सांगितलं आहे की कंपनी पाठवते आहे, या वेळी नाही म्हणायची सोय नाही. ती म्हणाली, "मग काय, जावंच लागेल," आणि धानोरीच्या मावशींची टोपली आत घेतली. खरं असं आहे की साहेब या वेळी जोर करत नव्हते. मी विचार करून सांगते म्हटल्यावर त्यांनी दुसऱ्या एकाचं नाव लिहिलंही होतं. मीच त्यांच्या केबिनमध्ये जाऊन ते खोडायला लावलं, माझं लिहायला लावलं आणि खाली सही केली. त्याला आज आठ दिवस झाले.