पानदानातले मीटर

१२ मार्च १९७८, रविवार
उमरेडच्या रस्त्यावर गाडी उकळली. सासुरवाडीकडच्या लग्नाला निघालो होतो. बॉनेटमधून वाफ येऊ लागल्यावर मी उतरून बाभळीखाली उभा राहिलो, जणू ठरवूनच थांबलो होतो. तेवढ्यात मागून साडू आला. रुपराव. लकडगंजात लाकूड कापायची आरा मशीन, हातात अंगठ्या, बुडाखाली नवी अँबॅसिडर. उतरला, वाफेकडे पाहिलं आणि अख्ख्या वऱ्हाडासमोर म्हणाला, "साडूभाऊ, पाणी उकळलंच आहे तर पत्ती टाकून द्या. सगळे चहा घेऊ."
वऱ्हाड हसलं. मेहुणी देवकी हसली, ती त्याची बायकोच आहे, तिचं सोडा. पण प्रेमलता, माझी स्वतःची बायको, तीही हसली. पदर तोंडाला लावून, पण हसली.
हे मी विसरणार नाही. सूड घेईन. कसा, ते उद्या ठरवतो.

१३ मार्च
ठरलं नाही. आरा मशीनच्या आवाजाविरुद्ध निनावी तक्रार करावी म्हणतो. पण माझं अक्षर तो ओळखतो. डाव्या हाताने लिहून पाहिलं. मलाच वाचता आलं नाही.

२५ मार्च, धुळवड
सासरे भैयाजी यांच्याकडे पुरणपोळी. दोन्ही जावई हजर. जेवणं झाल्यावर भैयाजींनी मॉरिसचा विषय काढला. गाडी त्यांची, एक्कावन्न सालची. मोतीबिंदूमुळे चालवता येत नाही, म्हणून चार वर्षं माझ्या दारात आहे. नाव मात्र अजून त्यांचंच. म्हणाले, "रामनवमीले मले रामटेकले न्या, जावईबापू. रस्त्यात थांबली नाही तर गाडी तुमची. थांबली तर रुपराव घेऊन जाईन. आन आतलं काही बदलून ठेवू नका. मले जशी ठाव आहे तशीच पाहिजे."
रुपराव पोळीवर तूप घेत म्हणाला, त्याला काही नको, पण भैयाजी म्हणतात तर तो नाही कसं म्हणणार. पाहा. हा असा आहे.
खरं सांगायचं तर गाडी गेली तर मला फार लागेल. त्या घरात माझ्याकडे पाहून कोणी उठून उभं राहत असेल, तर ते गाडीचा हॉर्न ऐकून. पण गाडी जाणारच नाही. रामटेकच्या गडाखाली मी रुपरावची वाट पाहत उभा असेन, तो मागून येईल, आणि मी त्याला चहा विचारीन.

२६ मार्च
निदान झालं. गाडी उकळते याचं कारण उष्णता नव्हे, अज्ञान. डॅशबोर्डवर पेट्रोलचा काटा आणि स्पीडोमीटर, बाकी अंधार. इंजिनात काय चाललंय ते ड्रायव्हरला कळतच नाही. उपाय: तीन जादा मीटर. टेम्परेचर, ऑइल प्रेशर, ॲम्पिअर. मी कॉलेजात फिजिक्सचा डेमॉन्स्ट्रेटर आहे. माझ्यासमोर तीन काटे असले तर गाडीची काय बिशाद.
प्रेमलता म्हणाली, रेडिएटर साफ करून घ्या. तिला समजावलं की ती जुन्या लोकांची पद्धत झाली. आधी माहिती, मग उपचार. ती म्हणाली, ताप आला तर थर्मामीटर खाऊन बरं वाटते का.

२८ मार्च
ओमप्रकाश कबाड्याकडून मिलिटरी डिस्पोजलचे तीन मीटर आणले. कोणत्यातरी ट्रकचे असावेत, नळ्या लांबलचक. टेम्परेचरच्या काचेखालचे आकडे आणि अक्षरं पार पुसली आहेत. हरकत नाही. आकडे नवशिक्यांसाठी असतात. काटा डावीकडे म्हणजे थंड, उजवीकडे म्हणजे गरम. संपलं.

३० मार्च
जागेचा प्रश्न. डॅशबोर्डला भोक पाडायचं नाही. खाली क्लॅम्पने लटकवावे म्हटलं तर भैयाजी. आज सहज आले आणि पुढच्या सीटवर बसले. त्यांना दिसत नाही, पण तळहात फिरवून गाडी तपासतात. खण, राखेचा डबा, हँडल, सगळ्यावरून हात. एकेक बटण ओळखीच्या माणसासारखं चाचपलं. खूश झाले. मी राखेच्या डब्यात लपवलेला ॲम्पिअर मीटर त्यांच्या आधी काढून खिशात टाकला म्हणून बरं. खिशाला भोक पडलं.

२ एप्रिल, सकाळी
टेम्परेचरची नळी जरा जास्तच लांब वाटली म्हणून करवतीने कापली. त्यातून काहीतरी फुस्स झालं. काटा मेला. ओमप्रकाशकडून दुसरा आणला. हाही पुसलेला. तो म्हणाला, "साब, ये नली काटने की नहीं होती." ही गोष्ट आधी सांगायची असते. त्याचं नावही सुडाच्या यादीत घेतलं आहे, रुपरावच्या खाली.

४ एप्रिल
सापडलं. सासूबाईंचं पानदान!
पितळी, भलंमोठं, बिजागरीचं झाकण. त्या गेल्यावर प्रेमलताकडे आलं, ट्रंकेत पडून आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला तीन मीटर बसवायचे. नळ्या इंजिनातून जुन्याच रबराच्या भोकातून मॅटखाली, तिथून मागच्या सीटवर. प्रेमलता मागे बसेल, मांडीवर पानदान, झाकण उघडं, मीटरांची तोंडं पुढे. मी समोरचा आरसा किंचित फिरवून वाचीन. गाडीच्या आत एक स्क्रूसुद्धा नवा नाही. भैयाजींनी रामटेकपर्यंत हात फिरवत बसावं.
आपल्या डोक्याची कधीकधी भीती वाटते.
प्रेमलताकडे पानदान मागितलं. कशाला ते सांगितलं नाही. म्हणाली, आईचं आहे, जपून वापरा. मी जपूनच भोकं पाडली.

५ एप्रिल
प्रेमलताने पानदान पाहिलं. झाकणावरून बोट फिरवलं. एक शब्द बोलली नाही. भाजीला मीठ नव्हतं. मौन म्हणजे संमती.

८ एप्रिल, पाडवा
गल्लीत फेरी मारून पाहताना ऑइलच्या नळीचं तोंड सुटलं आणि गरम तेल प्रेमलताच्या नव्या साडीवर. पाडव्याची साडी. ती उतरून पायी घरी गेली. वॉशर बदलला.
रात्री म्हणाली, "आता भोकं पाडलीच आहेत तं गाडी तरी येऊ द्या. देवकीच्या दारात उभी पाहवणार नाही मले." म्हणजे तीही सुडाला तयार झाली. बाई माझ्या वळणावर येत आहे.

९ एप्रिल
ट्रायल. कामठीपर्यंत गेलो आणि आलो. जगाला अजून ठाऊक नसलेली गोष्ट कळली. निघताना काटा पार उजवीकडे, म्हणजे गरम. गाडी चालत गेली तसा तो हळूहळू मध्यावर आला. याचा अर्थ गाडी चालवल्याने थंड होते. वारा! इतकी वर्षं मी चढावर हळू घेत होतो आणि तिथेच चुकत होतो. जितकी पळवाल तितकी थंड.
प्रेमलताला सांगितलं. तिने विचारलं, मग आपण थांबलो तेव्हा बॉनेटवर पापड भाजला असता इतकं ते तापलं कसं. म्हटलं, थांबलो म्हणूनच.

१० एप्रिल
कॉलेजात आज फर्स्ट इयरकडून आरशाचे प्रयोग करून घेतले. डावं उजवं होतं हे दोन पोरांना शेवटपर्यंत पटेना. यांचं पुढे काय होणार कळत नाही.

१५ एप्रिल
सगळी तयारी झाली. रुपरावही अँबॅसिडर घेऊन येणार आहे, वाटेत काही लागलं तर मदतीला, असं भैयाजींना म्हणाला. मदतीला! तो माझी फजिती पाहायला येतोय. येऊ दे. चहाची पत्ती पुडीत बांधून खिशात ठेवली आहे. गडाखाली त्याच्या हातावर ठेवीन. फार बोलणार नाही, फक्त पुडी ठेवीन.

१६ एप्रिल, रामनवमी
सकाळी साडेआठ. निघण्याआधी. भैयाजींनी हात फिरवला. समाधान. मागे प्रेमलता, मांडीवर पानदान. भैयाजींना पितळेचा आवाज ओळखू आला. म्हणाले, "आईचं पानदान आणलं वं पोरी? बरं केलं. तिले रामटेकची लय हौस." प्रेमलता खिडकीबाहेर पाहत राहिली. काटा उजवीकडे. निघतो.

तोच दिवस, संध्याकाळ. मनसर, धर्मशाळेच्या ओट्यावर.
जे झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे पुढे कोणी वेडंवाकडं सांगायला नको.
कामठीला काटा मध्यावर. कन्हानचा पूल ओलांडला, काटा डावीकडे झुकला. थंड! मी ॲक्सिलरेटर दाबला. ऊन मी म्हणत होतं आणि माझी गाडी थंड होत चालली होती. समोर रुपरावची अँबॅसिडर. ओव्हरटेक केली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा मी रुपरावच्या पुढे गेलो. त्याचं तोंड मात्र पाहायला मिळालं नाही, कारण आरसा पानदानावर लावलेला.
मागून तो हॉर्न वाजवू लागला. सारखा. जळतोय, म्हटलं. काटा आणखी डावीकडे. आणखी दाबला. भैयाजी म्हणाले, काहीतरी जळकट वास येऊन राहिला. म्हटलं, शेतात कोणी धुऱ्यावरच्या गवताला आग लावली असेल. प्रेमलता म्हणाली, अहो, डब्यातली ती नळी चटका देऊन राहिली. म्हटलं, धीर धर, गाडी बर्फासारखी आहे.
मनसरच्या आधी बॉनेट दिसेनासं झालं. मग मोठा आवाज, मग सगळं शांत.
रुपराव पाण्याची कॅन घेऊन धावत आला. हॉर्न वाजवत होतो, वाफ निघत होती, थांबले काहून नाही, असं विचारू लागला. मी त्याला काटा दाखवायला मागे गेलो. पानदान सरळ समोरून पाहिलं. काटा उजव्या टोकाला चिकटला होता. पुन्हा पुढे जाऊन आरशात पाहिलं. डाव्या टोकाला. मग रस्त्याच्या कडेला जाऊन बसलो.
आरसा मुळात इंग्लंडातला आहे. त्यांच्याकडची हवा थंड.
खरी गोष्ट पुढेच. भैयाजी उतरून लिंबाखाली बसले. थोड्या वेळाने म्हणाले, जाऊ द्या, होते असं, पोरी, एक पान लाव. प्रेमलताने रुमालातून पान काढलं, तिने आधीच बांधून आणलं होतं. ते म्हणाले, तुझ्या आईच्या डब्यातलं दे. आणि हात पुढे केला. पानदान नळ्यांना बांधलेलं, तिला उचलता येईना. तेच उठले, दारातून वाकले आणि झाकणावर तळहात फिरवला. एक भोक. दुसरं. तिसरं. प्रत्येकात काच.
मी सांगितलं की डॅशबोर्डला ओरखडासुद्धा नाही, त्यांच्या शब्दासाठीच हे सगळं केलं.
ते म्हणाले, "डॅशबोर्डले भोकं पाडायची होती ना, जावईबापू. लोखंड होतं ते. इच्यारलं असतं तं म्या हो म्हटलं असतं."
एवढंच. रागाने म्हणाले असते तर मला उत्तर देता आलं असतं.
सगळे अँबॅसिडरमध्ये बसून गडावर गेले. मी गाडीपाशी थांबलो. जाण्याआधी रुपरावने वाटेतला एक ओळखीचा ट्रक थांबवून मॉरिसला दोर बांधून दिला. दोराची गाठ त्याने स्वतः मारली. चहाबद्दल काही बोलला नाही. त्याने बोलायला हवं होतं. मी सारा रस्ता काय उत्तर द्यायचं ते तयार करून आणलं होतं.

१७ एप्रिल
ट्रक रात्री मनसरलाच थांबला. सकाळी त्याच्यामागून ओढत नेली, थेट लकडगंजात. मनसर ते नागपूर एकदाही उकळली नाही. नोंद असावी.
प्रेमलता माहेरी आहे. पानदान घेऊन गेली, मीटर सोडवून गाडीतच ठेवले.

२३ एप्रिल
सुडाच्या नव्या योजना केल्या. एकही लिहिण्यासारखी नाही. भैयाजींच्या दारावरून दोनदा गेलो. दुसऱ्यांदा प्रेमलता दारातच उभी होती. म्हणाली, घरात या, चहा घ्या. घाईत आहे म्हटलं. नव्हतो.

३० एप्रिल, रविवार
रुपरावचा निरोप आला, म्हणून लकडगंजात गेलो. निरोपात काहीतरी डाव असेल म्हणून इस्त्रीचा शर्ट घातला.
मॉरिस आरा मशीनच्या शेडमध्ये उभी. धुतलेली. रेडिएटर साफ करून घेतला आहे, म्हणाला. डॅशबोर्डवर तीन गोल भोकं, अगदी एका रेषेत, आणि त्यात माझेच तीन मीटर. भैयाजींना विचारून पाडली. भैयाजी पुढच्या सीटवर बसले होते, एकेका काचेवरून तळहात फिरवत, हा कोणता, हा कोणता, असं विचारत. नव्या सुनेची ओळख करून घ्यावी तसं चाललं होतं. रुपरावला नीट सांगता येत नव्हतं.
भैयाजींनी माझा आवाज ओळखला. म्हणाले, "या जावईबापू. रुपराव, त्याहिले इच्यार. मास्तर आहेत ते."
रुपराव बाजूला सरकला. त्याने मला ड्रायव्हरच्या जागी बसवलं. टेम्परेचरच्या काचेवर बोट ठेवून अगदी साधेपणाने विचारलं, "साडूभाऊ, काटा कोणीकडं गेला म्हणजे गरम?"
मी म्हटलं, उजवीकडे.
"पक्कं ना?"
मी हो म्हणालो. त्याने खिशातून खडू काढून काचेच्या उजव्या बाजूला खूण केली. हसला नाही. निदान भैयाजींसमोर तरी नाही. मग मी बाकीचे दोन्ही मीटर समजावून सांगितले, आणि भैयाजी मान हलवत सगळं ऐकत राहिले.
निघताना रुपराव घरी सोडतो म्हणाला. नको म्हटलं. ऊन फार होतं, तरी चालत आलो.