वाळूतला गहू आणि मुतलकची सांडणी

आदरणीय अबू सालेम यांस,

फौजानचा सलाम. तुमची तब्येत, वहिनींचे गुडघे आणि दुकानातला परदेशी डबाबंद माल, सगळं ठीक असो. (डब्यांची चौकशी मनापासून करतो आहे, बिचाऱ्यांना जेद्दाचं ऊन सोसत नाही.) इकडे तुमची बहीण मौदी, तुमची भाची मुनीरा आणि माझा गहू, तिघंही खुशाल आहेत.

हो, गहू! इथल्या वाळूत गहू पेरणं म्हणजे उंटाला पोहायला शिकवणं, असं तुम्ही भर बैठकीत म्हणाला होतात. गेल्या कापणीला कोठार भरलं आणि पोती अंगणात ठेवावी लागली. अभिमानानं छाती अशी फुगली की मी मशिदीबाहेर शपथच घेतली : पुढच्या कापणीपर्यंत मिठाखेरीज काहीही विकत आणून घरात घ्यायचं नाही. तांदूळ गेला, भरडलेल्या गव्हाचा जरीश आला. साखरेच्या जागी खजूर. तूप आपल्या मेंढ्यांचं, काकड्या आपल्या विहिरीवरच्या. कॉफी मात्र आपल्याकडे उगवत नाही (अजून). म्हणून खजुराच्या बिया भाजून, कुटून उकळतो. रंग हुबेहूब येतो. चवीबद्दल लोक फार बोलतात.

आता मुख्य गोष्ट. मुनीराचं मन शेजारच्या मुतलकच्या मुलात गुंतलंय, तो शाळेत शिकवतो, हे मौदीनं मला सांगून ठेवलं होतं. परवा मुतलक भावांना घेऊन आला. मी बियांची कॉफी ओतली. त्यानं घोट घेतला आणि पेला जमिनीवर ठेवला. पाहुण्यानं पेला खाली ठेवला की त्याची काही मागणी आहे आणि ती मान्य होईपर्यंत तो पिणार नाही, हे आपल्यात शेंबड्या पोरालाही कळतं. (पेला न उष्टावता ठेवायचा असतो, हे मात्र आनंदाच्या भरात माझ्या ध्यानात आलं नाही.) मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "मुतलक, पी. ज्यासाठी आलास ते तुझं." पडद्यामागून मौदीनं लग्नघरातली आनंदाची आरोळी ठोकली.

मुतलकनं पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "फौजान, मी सांडणी न्यायला आलोय. काल तुझ्या गव्हात शिरली म्हणून तू बांधून घातलीस ती."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. पण माणूस दिलदार. म्हणाला, "सांडणी तर नेतोच. पण आरोळी झालीच आहे, तर पुढच्या शुक्रवारी पोरासाठी रीतसर मागणी घालायला येतो. फक्त त्या दिवशी कॉफी कॉफीची कर. हेच पाजणार असशील तर माझी माणसं दारातून परत फिरतील." आणि शब्द मिळाला होता म्हणून डोळे मिटून त्यानं तो पेला संपवला.

शपथ मोडली तर गाव हसेल, नाही मोडली तर पोर रडेल. मी मुनीराला शपथेचं महत्त्व समजावू लागलो, तर ती म्हणाली, "बाबा, शपथ तुमची आहे. लग्न माझं आहे." पोर तुमच्या घराण्यावर गेली आहे.

असो. सांगायचं इतकंच, की आमच्याकडे सगळं घरचं आहे आणि आम्हाला कुणाकडून काही नको.

तुमचा स्वावलंबी मेहुणा,
फौजान

ता. क. : शपथ फक्त विकत न आणण्याची आहे. इमामसाहेबांना विचारून घेतलं. मामानं आपणहून भाचीला कॉफी आणि वेलदोडे भेट पाठवले तर शपथेला धक्का लागत नाही. मी मागत नाही. शुक्रवारच्या आत पोचलं पाहिजे.

पुन्हा ता. क. : मौदी म्हणते, खरं ते लिही. गेल्या कापणीची पहिली भाकर मी कुणाला मोडू दिली नाही, फडक्यात बांधून तुमच्यासाठी ठेवली. तुम्ही हसलात ना, तेव्हाच ठरवलं होतं की पहिला घास तुमचा. ईदला तुम्ही आला नाहीत, भाकरीचा दगड झाला. सोबत पाठवतो आहे. तुमच्याकडे कॉफी आहे, तिच्यात बुडवून खा.